टांगलेलं ते घरचं

फेब्रुवारी सरत आला की खडकीतल्या आमच्या क्वार्टरच्या जिन्याला परीक्षा चढते. खालच्या मजल्यावरचा टीव्ही एकाएकी मुका होतो. वरच्या मजल्यावरचा मुलगा भूमितीची प्रमेयं मोठ्यानं म्हणत गॅलरीत येरझाऱ्या घालतो, आणि समोरच्या बाई जिन्यात भेटल्या की "काय म्हणतोय अभ्यास?" असं विचारून उत्तराची वाट न बघता खाली उतरतात. यंदा दहावी आमच्याच घरात आहे. सम्यका, माझी मुलगी, जेवणाच्या टेबलावर पसारा मांडून, कानात इअरफोन घालून बसलेली असते. गाणी ऐकताना जास्त लक्षात राहतं असं तिचं म्हणणं. राहत असेल बाई. मी एका शाळेत क्लार्क आहे, मुलं कशाच्या जोरावर पास होतात याचा अंदाज बांधणं मी कधीच सोडून दिलं आहे.

आणि या सगळ्यात माझी माय दोन्ही हात पदराखाली घेऊन घरभर वावरत असते.

सत्तरी गाठलेली, काटक, अजून स्वतःचं पाणी स्वतः तापवून घेणारी बाई. दुधाचं बिल ती हातात घेते, औषधाची चिठ्ठी घेते, देवळाच्या वर्गणीचं पत्रकसुद्धा घेते आणि त्याची पुडी करून त्यात मोहरी बांधते. पण माझा किंवा माझ्या लेकीचा शाळेचा, नोकरीचा, शिक्क्याचा कागद समोर आला की तिचे हात आत जातात. टेबलावर सम्यकाचं प्रगतिपुस्तक असलं तर ती टेबल पुसत नाही. पंचवीस वर्षांहून जास्त काळ हे चाललं आहे. मी चिडून बघितलं, हसून बघितलं, एकदा रडूनही बघितलं. तिनं एकदा, एकदाच, माझा कागद हातात धरावा एवढीच माझी इच्छा. बाहेरच्यांना वाटतं म्हातारी विक्षिप्त आहे. ती विक्षिप्त नाही. ती एका मार्च महिन्यात अडकून पडली आहे, आणि तो मार्च आम्ही कचऱ्याच्या ढिगाऱ्यावर राहत होतो तेव्हाचा आहे.

वाघोलीच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून आत गेलं की तेव्हा दगडाच्या खाणी होत्या. आता तिथे बारा-बारा मजल्यांच्या सोसायट्या आहेत आणि त्यांची नावं मला नीट उच्चारता येत नाहीत. माय आणि आप्पा मराठवाड्यातून आले ते दगड फोडायला. खाण खोल खोल जात राहिली, मग खाली पाणी लागलं, मालकानं काम बंद केलं, आणि काही महिन्यांनी त्या खड्ड्यात शहराचे ट्रक येऊन रिकामे व्हायला लागले. ज्यांनी खड्डा खणला होता ती पंधरा-वीस घरं काठावरच राहिली. जायचं कुठं? "आपुनच खांदलं, आता आपुनच भरताना बघू," असं आप्पा म्हणायचे. दगडाच्या धुळीनं त्यांची छाती भरली होती. ते हसले की खोकला यायचा, म्हणून बेतानं हसायचे.

कचरा हा शब्द आमच्यात नव्हता. आम्ही म्हणायचो माल. "आज माल चांगला हाय", "माल वला हाय", "माल पेठेतला हाय." ट्रक वळणावर दिसायच्या आधी त्याचा वास यायचा आणि आम्ही पोरं वासावरून पैज लावायचो. मंडईचा ट्रक कोबीच्या पानांचा. हॉटेलांचा ट्रक आंबट आणि तेलकट, त्याच्या मागे कुत्र्यांची वरात. बुधवार पेठेचा ट्रक सगळ्यांचा लाडका. त्यात वायरी असायच्या, थर्माकोल, रेडिओची रिकामी पोटं, पुस्तकांच्या दुकानातले पुठ्ठे, आणि वरून झेंडूची, गुलाबाची वाळलेली फुलं. सबंध ढिगाऱ्यावर तेवढा एक ट्रक सुगंधी. तो उलटला की बायका हातातली आकडी, म्हणजे माल उकरायची ती वाकड्या टोकाची लोखंडी सळई, क्षणभर थांबवायच्या आणि मोठा श्वास घ्यायच्या. मीही घ्यायचे. अजून दगडूशेठ गणपतीच्या बाजूला गेले की आधी नाकच तिथे पोचतं.

ऋतूसुद्धा आम्हाला मालातून कळायचे. पुठ्ठ्याची खोकी आणि फराळाचे कुबट तुकडे आले की दिवाळी होऊन गेली. जुनी कॅलेंडरं आली की वर्ष बदललं. आमच्या झोपडीत वर्षभर मागच्याच वर्षाचं कॅलेंडर असायचं, चित्र मात्र झकास. पत्रावळ्या आल्या की लग्नसराई. वाढदिवस ट्रकच्या मर्जीनं यायचे. एकदा जानेवारीत अर्धा केक आला, खोक्यात, वरच्या क्रीमला जरासं कुणाचं बोट लागलेलं. त्यावर कुण्या रोहनचं नाव होतं. आम्ही नऊ पोरांनी त्या रोहनला मनापासून शुभेच्छा दिल्या आणि केक संपवला. कुणाच्याही पोटात दुखलं नाही.

हे ऐकून कुणी डोळ्यांत पाणी आणलं की मला राग येतो, आणि कुणी "किती छान!" म्हणालं की त्याहून जास्त येतो. तिथे काचा होत्या. मायच्या दोन्ही तळव्यांवर पांढरे वण आहेत, मोजले नाहीत कधी. एप्रिलात ढीग आतून पेटायचा आणि दिवस-दिवस धूर सोडायचा, त्यात आप्पांचे प्रत्येक वर्षी दोन महिने जायचे. शाळेत माझ्या बाकावर दुसरं कुणी बसत नसे. हे सगळं होतं. पण संध्याकाळ झाली, ट्रक थांबले, घारी खाणीच्या कड्यावर जाऊन बसल्या, की बायका झोपड्यांपुढे गोल करून मालाची निवड करायला बसायच्या, तेव्हाच्या गप्पा आणि ते हसणं मला पुढे कुठल्याच घरात इतकं मोकळं ऐकायला मिळालं नाही. मला ती माणसं आवडायची. अजून आवडतात.

निवड करण्यात मायचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिला अक्षर वाचता येत नाही, पण कागद तिच्या बोटांना सगळं सांगतो. पांढरा कागद वेगळा, चकचकीत वेगळा, पेपरची रद्दी वेगळी, पुठ्ठा वेगळा. ती शेजारच्या सखूमावशीशी बोलत असायची, नजर सखूमावशीच्या तोंडाकडे, आणि हात खाली आपले आपण चार ढीग लावत असायचे. सखूमावशी म्हणायची, "सुंदरे, तुझं हात दुसऱ्याच बाईचं हायेत." माय लाजायची. तिला तिच्या हातांचा अभिमान होता. तेवढाच अभिमान तिच्याजवळ होता म्हणा ना.

त्या वस्तीचा एक कायदा होता. कुणी केला माहीत नाही, पण प्रत्येक घर तो पाळायचं. जमिनीवर जे आहे तो माल. घरचं जे आहे ते टांगलेलं. दहा बाय दहाची झोपडी, आतबाहेर सगळीकडे आणून टाकलेल्या वस्तू, आपलं कुठलं आणि विकायचं कुठलं हे कळणार कसं? म्हणून दोऱ्या बांधलेल्या. दोरीवर गोधडी, दोरीवर भाकरीचं गाठोडं, खिळ्याला कंदील, खिळ्याला माझं दप्तर, सगळ्यात वरच्या खिळ्याला बुद्धाची तसबीर. चपला काढल्या की त्याही खुंटीला. पाहुणा आला आणि त्यानं पिशवी खाली ठेवली, तर घरातलं पोरगंसुद्धा धावत जाऊन ती उचलून टांगायचं. नाहीतर तासाभरात तिची निवड झाली असती. एकदा एक पुढारी मतं मागायला आला होता, त्यानं भाषणाला उभं राहताना आपली कातडी फाईल खाली ठेवली. पुढचं सांगायला नको. कातडं वेगळं निघालं, कागद वेगळे.

शाळेत मात्र दप्तर खाली ठेवतात. बाकाखाली, भिंतीशी, कुठेही. सुरुवातीला मी दप्तर मांडीवर घेऊनच बसायचे. मग हळूहळू मीही खाली ठेवायला शिकले. रोजचे पाच तास मी वेगळ्या कायद्यात राहत होते आणि मला त्याची सवय होत चालली होती.

मार्च हा आमच्याकडे कागदाचा महिना. वरच्या वर्गांच्या परीक्षा उरकत आल्या की वह्या, गाइडं, अपेक्षित प्रश्नसंच यांचे ढीग यायचे. माझा सगळा अभ्यास मालातूनच झाला. पुस्तक एक वर्षानं शिळं, पण त्याला काय होतंय? पाण्याचं सूत्र वर्षागणिक बदलत नाही. शिवाय त्यात आधीच्या मालकांच्या खुणा असायच्या. समासात "हे येणारच!!" असं लाल शाईत लिहिलेलं, एका ठिकाणी "सर आज फार बोअर करताहेत". एक अनोळखी मुलगी होती, तिच्या विज्ञानाच्या वह्या मला लागोपाठ दोन वर्षं सापडल्या. इतकं नेटकं अक्षर, आकृत्यांना रंग. ती पेठेत राहत असावी असं मी ठरवून टाकलं होतं. तिनं कधीतरी आळस करून धडा अर्धा सोडला की मला तिचा रागच यायचा, कारण मग तो धडा माझाही अर्धा राहायचा.

तर दहावीचं वर्ष. परीक्षेआधी शाळेला अभ्यासाची सुट्टी लागली. अभ्यासाची सुट्टी म्हणजे आमच्याकडे दोन जादा हात. सकाळी ढिगावर, दुपारी पुस्तक. त्यामुळे हॉल तिकीट आणायला मी शाळेत गेले ती थेट परीक्षेच्या आदल्या दिवशी. बाईंनी आधी उशिराबद्दल झापलं, मग फोटोवर शिक्का मारलेला तो कागद माझ्यापुढे धरून बजावलं, "हे हरवलंस तर परीक्षा विसर. कळलं?" मी तो कागद घामानं ओला होऊ नये म्हणून हातातल्या प्रश्नसंचात घातला. गुलाबी कव्हरचा संच, मालातच सापडलेला; बारावीचे संचही तसेच गुलाबी, आणि बारावीचे पेपर उरकत आल्यानं ढिगावर तेव्हा तेच येत होते. ऊन डोक्यावर होतं. चार किलोमीटर चालत मी घरी आले ती जवळजवळ नाचतच आले.

घरात कुणी नव्हतं. तहान लागली होती. मी प्रश्नसंच हंड्याशेजारी खाली ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर एक दगड ठेवला, पाणी प्यायले, आणि सखूमावशीला माझा बैठक क्रमांक सांगायला तिच्या झोपडीकडे धावले.

जमिनीवर ठेवला. मी. दोरी हाताच्या अंतरावर होती.

तेवढ्यात रद्दीच्या टेम्पोचा हॉर्न वाजला. माय ढिगावरून उतरली, पोत्यांची तोंडं बांधायला घेतली, हंड्याशी पडलेला गुलाबी संच तिला दिसला. त्या आठवड्यात तिनं तसे शंभर तरी संच पोत्यात घातले होते. हाही घातला. टेम्पो गेला. मी परत आले तर हंड्याशेजारी फक्त दगड होता, भिंतीला टेकवून नीट ठेवलेला. दगडसुद्धा भिरकावून द्यायची मायला सवय नव्हती.

मी किंचाळले असणार, कारण आजूबाजूच्या झोपड्यांतून बायका बाहेर आल्या. काय झालं ते मायला कळलं. तिनं आपले दोन्ही तळवे वर करून बघितले, आणि अनवाणीच रस्त्याकडे पळत सुटली. तिच्यामागे मी, माझ्यामागे सखूमावशी, तिच्यामागे सात-आठ बायका आकड्या घेऊन. मागून आप्पा खोकत खोकत ओरडत होते, "कुनी कुनाला बोलायचं न्हाई! ऐकलं का? कुनी कुनाला बोलायचं न्हाई!"

रद्दीचं गोडाऊन मुख्य रस्त्याला होतं. त्याचे मालक नाना रोज पेठेतून स्कूटरवर यायचे. पांढरा सदरा, जाड भिंगाचा चष्मा, आणि बोलणं असं की समोरच्याला आपला अपमान झाला हे घरी पोचल्यावर कळावं. आकड्या घेतलेल्या बायका दारात बघून ते खुर्चीतून न हलता म्हणाले, "बोला. आपण माल द्यायला आलात की परत न्यायला?"

"नाना, कागद ऱ्हायलाय आमचा. टेम्पोत गेला," सखूमावशी म्हणाली.

"अहो बाई, इथे सगळे कागदच आहेत. इथे रद्दी विकत घेतली जाते. हरवलेल्या वस्तूंची चौकशी रेल्वे स्टेशनात करतात."

"पोरीची दहावी हाय उद्या. त्याचं तिकीट हाय त्यात."

नानांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला आणि माझ्याकडे बघितलं. मग आत तोंड करून ओरडले, "मशीन बंद करा! आणि गठ्ठे बांधणं थांबवा." आणि आम्हाला म्हणाले, "आकड्या बाहेर ठेवा. कागद फाटला तर तुमचं तिकीट आणि माझा माल, दोन्ही गेलं."

गोडाऊनच्या फरशीवर आम्ही सगळ्या बसलो. पोती उलटी केली आणि गुलाबी गुलाबी संचांचा डोंगर झाला. प्रत्येक संच उघडायचा, पाठीला धरून झटकायचा, बाजूला टाकायचा. त्यातून काय काय पडत होतं! मोराचं पीस, बसचा पास, बोटाएवढ्या अक्षरात लिहिलेली कॉपीची चिठ्ठी, वाळलेला गुलाब, आणि एक प्रेमपत्र, जे नानांनी अलगद काढून घेतलं आणि "हे आपल्या कामाचं नाही" म्हणत खिशात घातलं. बायका हसल्या. मीही हसले असेन. माय हसली नाही. ती दोन्ही अंगठ्यांनी संच उघडत होती, पानांवरून बोटं फिरवत होती, फोटोच्या जाडीची जागा शोधत होती, आणि दर वेळी तिचा चेहरा थोडा थोडा विझत होता. ज्या हातांना कागद सगळं सांगायचा, ते हात त्या दुपारी शेकडो कागदांना विचारत राहिले आणि एकही कागद बोलला नाही.

शेवटचं पोतं झालं. तेव्हा नानांच्या हमालानं चाचरत सांगितलं, आम्ही यायच्या आधीच गठ्ठ्यांचा एक ट्रक मिलकडे निघून गेला होता.

माय तिथेच बसून राहिली. "म्या इकली," ती म्हणाली. "पोरीची परीक्षा म्या माझ्या हातानं इकली."

"माय, मी खाली ठेवलं होतं. चूक माझी आहे."

"उचाललं कुनी?"

नाना खाकरून म्हणाले, "अहो, पण आपण शाळेत विचारलंत का? दुसरी प्रत मिळते याची."

आम्ही सगळ्या त्यांच्याकडे बघतच राहिलो. गेलेल्या कागदाचा मिलमध्ये लगदा होतो हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. सबंध शहराचा कागद आमच्या हातांखालून जायचा. पण एखाद्या कागदाची दुसरी प्रत निघते हे त्या फरशीवर बसलेल्या एकाही बाईला माहीत नव्हतं, आणि दहावीपर्यंत शिकलेल्या मलाही नाही. बाईंनी सांगितलं होतं, हरवलं की संपलं. मी ते खरं मानलं होतं, कारण आमच्याकडे हरवलं की संपतच असे.

नानांनी मला टेबलाशी बसवून मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज लिहायला लावला. दोनदा फाडून पुन्हा लिहायला लावला. "'महोद्य' असं लिहितात? उद्या पेपर मराठीचाच आहे ना? धन्य आहे." मग मला स्कूटरवर मागे बसवलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा स्कूटरवर बसले आणि पहिल्यांदा खडकीत आले, कारण मुख्याध्यापक तेव्हा इथेच राहायचे. ऊन कलत आलं होतं. सरांनी अर्ज वाचला, माझ्या कपड्यांकडे बघितलं, नानांकडे बघितलं आणि म्हणाले, "सकाळी दहाला शाळेत ये. फाईलमध्ये तुझा एक फोटो आहे. देतो करून." एवढंच. एका दुपारीत आम्ही जे सगळं गमावलं होतं ते दारात उभ्या उभ्या, चहासुद्धा न घेता, परत मिळालं.  वस्तीच्या वळणावर उतरवताना नाना म्हणाले, "पास हो. नाहीतर माझं पेट्रोल फुकट गेलं."

मी आनंदानं ओरडत घराकडे पळाले. माय घरी नव्हती. आम्ही गेल्यावरही ती गोडाऊनच्या फरशीवर तेच संच पुन्हा पहिल्यापासून झटकत बसली होती. अंधारून आलं आणि दिसेनासं झालं तेव्हा सखूमावशीनं तिला दंडाला धरून आणलं.

दुसऱ्या दिवशी परीक्षा केंद्राच्या फाटकावर आया मुलांच्या हातावर दही घालत होत्या. मायनंही वाटीत दही आणलं होतं. तिनं ती वाटी सखूमावशीच्या हातात दिली. "तू घाल."

"अगं, तू आई हाय का मी?"

"माझ्या हातानं नगं."

नवं हॉल तिकीट मी तिच्यापुढे धरलं. त्यावर लाल शाईत आडवं "दुय्यम प्रत" असं लिहिलेलं होतं. बघ माय, मिळालं. तिनं वाकून बघितलं, फोटोकडे बघून मान हलवली, आणि हात पदराखाली घेतले. तेव्हापासून ते आतच आहेत.

मी पास झाले. गुणपत्रिका तिनं लांबून बघितली. बारावीची, पदवीची तशीच. शाळेत क्लार्क म्हणून लागल्याचं पत्र आलं तेव्हा आप्पा होते, त्यांनी ते छातीशी धरलं, आणि माय शेजारी उभी राहून नुसती त्यांच्या बाहीला हात लावून होती. लग्नाची पत्रिका आली तेव्हा तिनं हळद-कुंकू लावायला पुन्हा सखूमावशीला बोलावलं. खाण भरली, तिच्यावर माती पडली, वस्ती उठली, आप्पा गेले. माय पुढे कितीतरी वर्षं वाघोलीतल्या सोसायट्यांमध्ये दारोदार जाऊन कचरा गोळा करायची, गळ्यात ओळखपत्र घालून, ओला-सुका वेगळा न करणाऱ्या बायकांना फैलावर घ्यायची. एका शिकलेल्या बाईला तिनं ऐकवलेलं मी स्वतः ऐकलं आहे: "ताई, तुमच्या लेकराचं कागद तरी बघून टाकत जा. आमच्या हाताला काय कळतंय?" लोकांच्या मुलांचे दाखले, गुणपत्रिका तिनं कचऱ्यातून काढून त्यांच्या दारात नेऊन दिले. माझ्या कागदाला मात्र तिनं बोट लावलं नाही. मी कितीदा म्हटलं, जमिनीवर मी ठेवलं होतं. त्यावर तिचं उत्तर तेच. उचाललं कुनी?  प्रेमापोटी माणूस स्वतःला इतकी लांब शिक्षा देऊ शकतो हे मी तिच्याकडून शिकले, आणि ते शिकायची मला मुळीच हौस नव्हती.

सम्यकाला यातलं काही सांगितलेलं नाही. आजी ढिगाऱ्यावर राहायची हे तिला माहीत आहे, केकची गोष्ट तर तिची आवडती. पण ही एक दुपार मायला कुणापुढे उघडी पडलेली चालली नसती. त्यामुळे आज सकाळी जे झालं त्यात कुणाचाही काही बेत नव्हता.

पहिला पेपर. नेहमीची धांदल. पाण्याची बाटली, दोन पेनं, कंपास. हॉल तिकीट फ्रिजवर होतं, मग टेबलावर, मग पुन्हा सापडेना, मग सोफ्याच्या उशीखाली सापडलं. माझा जीव वर गेला होता. सम्यका म्हणाली, "आई, चिल ना! हरवलं तर शाळेतून परत प्रिंट देतील." माय दाराशी उभी होती, हात पदराखाली. सम्यका पायात बूट चढवत खाली वाकली, आणि वर न बघता तिनं तो कागद बाजूला धरला.

"आजी, जरा धर ना. लेस बांधते."

कागद हवेत होता. मी पुढे होणार होते, झाले नाही. सम्यकानं वाट बघितली नाही, बोटं सोडूनच दिली, आणि कागद खाली पडायच्या आत मायचे दोन्ही हात पदरातून बाहेर आले.

सम्यकानं एक लेस बांधली, मग दुसरी. उठली. "दे."

माय देईना. "चल," ती म्हणाली. "फाटकापतूर मीच आनते."

रिक्षात ती आमच्या दोघींच्या मधे बसली. वारा लागत होता, तिनं कागद दोन्ही तळव्यांत दाबून धरला होता. केंद्रापाशी गर्दी होती, घंटा होत आली होती. सम्यका हात पुढे करून म्हणाली, "आजी, प्लीज, लेट होतंय." मायनं तिच्याकडे लक्ष दिलं नाही. कागद माझ्यापुढे धरला, पण हातातून सोडला नाही.

"वाच," ती म्हणाली.

मी वाचलं. नाव, बापाचं नाव, आईचं नाव, म्हणजे माझं. बैठक क्रमांक. केंद्र. भर गर्दीत मोठ्यानं वाचलं. 

"समदं बराबर हाय?"

"सगळं बरोबर आहे, माय."

तिनं फोटोवरून अंगठा फिरवला, आणि मग स्वतःच्या हातानं कागद पोरीच्या हातात दिला.